रामेश्वरहून परतताना अर्ध्या दिवसात महाबलीपुरम : गाडी, क्रम, वेळ आणि खबरदारी

उमाकाठ
नमस्कार मंडळी. मूल तालुक्यातून (जि. चंद्रपूर) आम्ही सात जण जानेवारीअखेर रामेश्वरला निघतो आहोत. त्यात दोघे सत्तरीपुढचे, एक मुलगी नऊ वर्षांची. परतीची रामेश्वर-चेन्नई गाडी सकाळी चेन्नईला पोचते आणि बल्लारशाहसाठी तमिळनाडू एक्सप्रेस चेन्नई सेंट्रलवरून रात्री १० वाजता आहे. मधला दिवस वेटिंग रूममध्ये काढण्यापेक्षा खासगी गाडी करून महाबलीपुरमचे समुद्रकाठचे जुने अवशेष पाहावेत असा विचार आहे. अर्ध्या दिवसात नीट होते का? गाडी कशी ठरवायची? सामानाचे काय करायचे? म्हाताऱ्या माणसांना झेपेल का? माहितगारांनी सविस्तर सांगावे.

पाथरवट
होते, आणि घाई न करता होते. पाहायच्या मुख्य जागा तीन : किनाऱ्यावरचे मंदिर, गावातल्या टेकडीचा भाग (अर्जुनाची तपश्चर्या हे शिल्प, कृष्णमंडप, लोण्याचा गोळा नावाचा धोंडा, गुंफा) आणि पाच रथ, म्हणजे खडकातून कोरलेली देवळे. तिन्ही दोन किलोमीटरच्या आत आहेत. पाहायला साडेतीन तास, न्याहारीला पाऊण तास. उरते ते फक्त जाणे-येणे, आणि बहुतेकांचा दिवस तिथेच बुडतो.

म्हणून पहिली गोष्ट : चेन्नईपर्यंत जाऊच नका. रामेश्वरहून विल्लुपुरममार्गे येणाऱ्या गाड्या चेन्नईच्या आधी चेंगलपट्टू गाठतात. महाबलीपुरमला जवळचे मोठे स्टेशन तेच, साधारण ३० किमी. तिकीट काढताना तुमच्या गाडीचा तिथे थांबा आहे का ते पाहा आणि तिकीट चेंगलपट्टूपर्यंतचेच घ्या. आधी चेन्नई गाठून परत दक्षिणेला यायचे म्हणजे शहराची गर्दी ओलांडून वरून ६० किमीचा रस्ता. चेंगलपट्टूला उतरलात की दीड-दोन तास तिथेच वाचतात. गाडी पहाटे पोचत असेल तर तासभर वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन, चहा घेऊन उजाडायला निघा. स्मारके सकाळी ६ ला उघडतात.

थांबा नसेल तर पुढचे मोठे स्टेशन तांबरम. तिथून वंडलूर-केळंबाक्कम रस्त्याने समुद्राकडे उतरता येते, मध्य चेन्नईत शिरावे लागत नाही.

हिंगणघाटकर
गाडीबद्दल मी लिहितो. सात प्रवासी, सात जणांच्या बॅगा, त्यात रामेश्वरचे पाण्याचे डबे. इनोव्हात हे बसत नाही. 'सात सीट' म्हणतात त्यात बहुधा ड्रायव्हर धरलेला असतो. आठ सीटवालीत माणसे बसतात, पण मागची सीट उघडली की डिकीत दोन मध्यम बॅगांपुरतीच जागा उरते. मग कॅरिअरवर सामान, त्यावर ताडपत्री, आणि प्रत्येक थांब्यावर वर लक्ष. तुमच्यासाठी १२ सीटची टेम्पो ट्रॅव्हलर बरी. मागच्या दोन सीट सामानाला जातील. पायरी उंच असते, म्हणून म्हाताऱ्यांसाठी गाडीत एक छोटा पाट किंवा स्टूल ठेवायला सांगा. बऱ्याच गाडीवाल्यांकडे असतो, पण मागितला तरच निघतो.

आता भाड्याचे गणित. शहरातली पॅकेजेस '८ तास ८० किमी', '१० तास १०० किमी' अशी असतात. चेन्नई सेंट्रल ते महाबलीपुरम ६० धरा, येणे ६०, गावात फिरणे ८-१०. झाले १३०. म्हणजे ८० किमीच्या पॅकेजवर ५० किमी जादा. समजा जादा किलोमीटरचा दर २० रुपये असेल तर हजार रुपये वरून लागले. लोक पॅकेजचा आकडा ऐकून 'स्वस्त' म्हणतात आणि शेवटी वाद घालतात. वाद घालण्यात अर्थ नाही, दर आधीच विचारायचा असतो.

दुसरी पद्धत 'बाहेरगाव'. तिच्यात रोजचे किमान किलोमीटर धरतात, बहुधा २५०, शिवाय ड्रायव्हरचा बाटा, म्हणजे दिवसाचा भत्ता. १३० किमी जाण्यासाठी २५० चे पैसे. अर्ध्या दिवसाला ही पद्धत घेऊच नका.

तिसरी, चेंगलपट्टूची स्थानिक गाडी. ३० किमी महाबलीपुरम, गावात १०, मग ६० किमी सेंट्रल. हे १०० झाले, पण गाडी रिकामी परत जाणार त्याचे ५५-६० किमी तो धरणारच. म्हणजे हिशेब १६० च्या घरात. चेन्नईच्या गाडीपेक्षा पैसा फार वाचत नाही, वाचतो तो वेळ.

आणि एक शब्द पक्का लक्षात ठेवा : 'गॅरेज टू गॅरेज'. मीटर तुमच्यापासून सुरू होत नाही, गाडी तिच्या ठिय्यावरून निघाली तेव्हापासून सुरू होतो. ठिय्या २० किमी लांब असला तर ४० किमी तुमच्या नावावर. म्हणून 'पिकअपपासून ड्रॉपपर्यंत' असे ठरवून घ्या, किंवा सरळ ठोक रक्कम.

वऱ्हाडी_वाटाड्या
ठोक रक्कमच बरी जी. पण ठोक म्हणजे काय काय, ते लिवून घ्या लागते. नाही तर टोल वेगळा, पार्किंग वेगळी, बाटा वेगळा, अन् शेवटी स्टेशनात गाडी घालाचे बी वेगळे. फोनवर भाषेचा घोळ होते, म्हणून व्हॉट्सॲपवर लिवून पाठवा अन् समोरच्याचे 'ओके' घ्या. एवढे त्यात पाह्यजे :

तारीख, रेल्वेचे नाव अन् नंबर, म्हणजे गाडी लेट झाली तर त्याले बी समजते. घ्याचे ठिकाण, सोडाचे ठिकाण. माणसं सात, बॅगा किती. गाडी कोणती, पिवळ्या पाटीची, एसी चालू राहीन. एकूण रक्कम, तिच्यात डिझेल, टोल, पार्किंग, बाटा धरून. रेल्वे लेट झाली तर किती तास फुकट थांबन अन् पुढे तासाले किती. ॲडव्हान्स किती. अन् शेवटी एक ओळ : दुकानाचे थांबे नको.

ही शेवटची ओळ काहून? शंख-शिंपले, मूर्ती, साड्या, अशा दुकानात गाडी उभी केली की ड्रायव्हरले कमिशन भेटते. एकेका दुकानात अर्धा अर्धा तास जाते. अर्ध्या दिवसाच्या सहलीत दोन दुकानं म्हणजे पाच रथ गेले समजा.

उमाकाठ
मोबाइलच्या ॲपवरून गाडी केली तर नाही चालणार का? गावातली पोरे तेच सुचवतात.

हिंगणघाटकर
जाताना मिळते, येताना अडचण होते. तिकडून सामान्य दिवशी चेन्नईकडे यायला गाडी लवकर लागत नाही, लागली तर ड्रायव्हर फोन करून कुठे जायचे विचारतो आणि नकार देतो. रात्रीची रेल्वे असताना हा जुगार नको. ॲपवरचे तासांचे भाडे, म्हणजे तीच गाडी थांबवून ठेवायची सोय, चालते. पण त्यातही किलोमीटरची मर्यादा पाहा आणि गावाबाहेर जायला परवानगी आहे का ते पाहा. सात जण आणि सामान म्हणजे दोन गाड्या, हेही आलेच.

झाडीपट्टी_ताई
पाहण्याचा क्रम सांगते. सकाळी ७ ला पोचलात तर आधी किनाऱ्याचे मंदिर. ते पूर्वेला समुद्राकडे तोंड करून आहे. कोवळे ऊन थेट अंगावर येते, वारा असतो, फरसबंद वाट आहे. वयस्कर माणसांना सगळ्यात सोपी जागा हीच. पाऊण ते एक तास द्या. ८ ला न्याहारी. पावणेनऊला टेकडीचा भाग, तिथे सव्वा तास. १० नंतर पाच रथ, पाऊण तास. ११ ला निघाले की एक-दीडपर्यंत चेन्नई.

तिकीट भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखाली मोफत. मुलीचे काढायचे नाही. एकाच तिकिटावर त्या दिवशी सगळी ठिकाणे होतात, म्हणून पहिल्या फाटकावरून आत गेल्यावर तिकीट टाकून देऊ नका. पुढच्या फाटकावर परत दाखवावे लागते आणि हरवले तर परत काढावे लागते. सात जणांची तिकिटे एकाच माणसाच्या खिशात असावीत. ऑनलाइन काढले तर पडद्याचा फोटो सगळ्यांच्या फोनवर पाठवून ठेवा.

पाथरवट
ताई, क्रमाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. पाच रथांच्या आवारात वाळू आहे आणि सावली नावालाच. १० नंतर ती वाळू तापते. किनाऱ्यावर निदान वारा असतो. म्हणून रथ आधी, मग टेकडी, शेवटी किनारा.

झाडीपट्टी_ताई
एप्रिल-मे असता तर तुमचेच म्हणणे मान्य केले असते. हे जानेवारीअखेर जाणार आहेत, १० वाजता वाळू सोसवते. शिवाय अर्जुनाची तपश्चर्या हे शिल्प पूर्वाभिमुख आहे. सकाळच्या उन्हात आकृत्या उठून दिसतात, दुपारनंतर खडकावर सावली येते आणि त्यात कोरलेले उंदीर-मांजर शोधूनही दिसत नाही. टेकडी १० च्या आत व्हायलाच हवी, ती दोन्ही क्रमांत मधेच आहे.

कांचीपुरम-महाबलीपुरम अशा एक दिवसाच्या बऱ्याच बसेस आधी कांचीपुरम करतात आणि इथे दुपारनंतर येतात. म्हणजे सकाळी गर्दीचा प्रश्न आठवड्याच्या मधल्या वारी फारसा नाही. शनिवार-रविवारी मात्र चेन्नईचेच लोक येतात आणि संध्याकाळी परतीचा किनारी रस्ता तुंबतो. त्या दिवशी दुपारी २ नंतर तिथे थांबू नका. संक्रांतीच्या सुमारास पोंगलचे दिवस असतात. त्यातल्या 'काणुम पोंगल'ला सारे तमिळनाडू घराबाहेर पडते, तो दिवस सोडाच. तुमची तारीख त्यानंतरची आहे, ते बरे झाले.

वैनगंगा_खोरे
पोरांच्या सुट्ट्या दिवाळीत, म्हणून आपल्याकडचे पुष्कळ लोक दिवाळीनंतर दक्षिणेला जातात. हा धागा पुढे कोणी वाचेल म्हणून लिहितो : आपला पावसाळा संपतो तेव्हा तिकडचा सुरू होतो. चेन्नईच्या किनाऱ्याला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्याचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. याच काळात बंगालच्या उपसागरात वादळे होतात. डिसेंबर २०२२ मधले 'मंदौस' चक्रीवादळ महाबलीपुरमजवळच किनाऱ्याला लागले होते. डिसेंबर २०२३ च्या 'मिचौंग'ने चेन्नई पाण्याखाली गेली आणि रेल्वे रद्द झाल्या. त्या महिन्यांत जायचेच असेल तर हवामान खात्याचा अंदाज निघण्याआधी तीन दिवस रोज पाहा आणि गाडीवाल्याला फार ॲडव्हान्स देऊ नका. जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात चांगले.

उन्हाबद्दलही एक. आपण चंद्रपूरचे ४५-४६ अंश सोसतो म्हणून तिकडचे ३६ किरकोळ वाटते. तसे नाही. आपल्याकडे हवा कोरडी, घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होते. तिथे हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो. अंगातले पाणी-मीठ जाते आणि थंडावा मिळत नाही. चक्कर येते ती म्हाताऱ्यांना आधी. माणशी एक लिटर पाणी गाडीतून उतरतानाच हातात हवे आणि दोन-तीन बाटल्यांत मीठ-साखर-लिंबू. रक्तदाबाची पाणी काढणारी गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा.

गोंडमोहाडी
तिथे पूजा होते का? आमच्या घरचे नारळ-अगरबत्ती घेऊन निघतात.

पाथरवट
किनाऱ्याच्या मंदिरात होत नाही. ते पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. नारळ फोडणे, दिवा-अगरबत्ती लावणे, पाणी-दूध ओतणे काहीच चालत नाही. आवारात बसून डबा खाणेही नाही. यात्रेच्या बसवाल्यांनी गॅस काढून चहा मांडायचा तो गावाबाहेर.

दर्शनच हवे असेल तर गावात अर्जुनाच्या शिल्पाजवळच स्थलशयन पेरुमाळचे, म्हणजे विष्णूचे, देऊळ आहे. वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी (पवित्र स्थानांपैकी) एक, रोजची पूजा चालू आहे. दुपारी १२ च्या सुमारास बंद होते आणि मग तिसऱ्या प्रहरीच उघडते. टेकडी पाहण्याआधी तिथे वीस मिनिटे काढली की घरच्या मोठ्यांचे समाधान होते. ही वीस मिनिटे आधीच वेळापत्रकात धरा.

झाडीपट्टी_ताई
जागा काय आहेत हे दोन घटका समजून घेतले तर पाहण्याला अर्थ येतो, म्हणून लिहिते. गाइड केला तरी हे माहीत असावे.

'मामल्ल' म्हणजे मोठा मल्ल. पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मन (६३० ते ६६८) याचे हे बिरुद, त्यावरून गाव मामल्लपुरम, म्हणजेच महाबलीपुरम. याच राजाने ६४२ मध्ये बदामीच्या चालुक्यांचा दुसरा पुलकेशी याचा पराभव करून बदामी घेतली. पुलकेशीच्या ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात 'तीन महाराष्ट्रकां'चा, ९९ हजार गावांचा उल्लेख आहे. म्हणजे आपल्या मुलखाचा राजा ज्याने हरवला, त्याच्या गावात आपण उभे असतो. मराठी माणसाने हा धागा मनात ठेवून रथ पाहावेत.

पाच रथ म्हणजे एकेका अखंड खडकातून कोरलेली देवळे. पांडवांची नावे मागून पडली, महाभारताशी संबंध नाही. वेरूळचे कैलास याच रीतीने वरून खाली कोरले, पण ते यानंतरच्या शतकातले. द्रौपदीचा रथ नीट पाहा. तो गवताने शाकारलेल्या झोपडीची दगडी नक्कल आहे. चारी बाजूंनी खाली उतरणारे छप्पर, कोपऱ्यांवर वळलेल्या कडा. आपल्याकडे तणसाने किंवा गवताने शाकारलेली घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते लगेच ओळखू येते. भीमाचा रथ लांबट, वर गाडीच्या टपासारखे छत. नकुल-सहदेवाचा मागून गोल, हत्तीच्या पाठीसारखा, आणि शेजारी मुद्दाम हत्तीच उभा कोरला आहे. धर्मराजाचा सर्वांत उंच. हे काम अपुरे राहिले आहे, खालचे भाग नुसते ओबडधोबड आहेत. वरून खाली कोरत आल्याचा पुरावा तोच.

पाथरवट
दगडाबद्दल मी भर घालतो. आपल्या हेमाडपंती देवळांचा काळा बसाल्ट, तिथला ग्रॅनाइटच्या जातीचा. फार कठीण. तो कसा काढला ते अपुऱ्या गुंफांत दिसते. खडकावर उभ्या-आडव्या खोल चऱ्या पाडून चौकडे करायचे, मग मधला एकेक चौकडा फोडून काढायचा, आणि पुन्हा आतल्या थरावर तेच. भिंतीवर ही बुद्धिबळाच्या पटासारखी खूण अजून आहे. गाइड सहसा तिथे थांबत नाहीत, तुम्ही थांबा.

किनाऱ्याचे मंदिर मात्र कोरलेले नाही, कापलेल्या चिऱ्यांनी बांधलेले आहे. राजसिंह म्हणजे दुसरा नरसिंहवर्मन, आठव्या शतकाची सुरुवात. उंची सुमारे ६० फूट. आत शिवाची दोन गर्भगृहे, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, आणि दोहोंच्या मध्ये शेषशायी विष्णू. विष्णूची मूर्ती मूळ खडकातच कोरलेली आहे. घाईत लोक मोठे शिखर पाहून परततात आणि मधला विष्णू राहून जातो. मागून फिरून या. १९९० मध्ये आवारातली वाळू काढताना खालच्या पातळीवर विहीर, छोटे गोल देऊळ आणि वराहमूर्ती सापडली. तेही कठड्यावरून वाकून पाहा.

भिंतीवरचे नंदी झिजलेले दिसतात ते हातांनी नव्हे. खाऱ्या वाऱ्यातले मीठ दगडाच्या छिद्रांत जाते, पाणी वाळले की त्याचे स्फटिक होतात आणि फुगून दगडाचा पापुद्रा सोडवतात. वरून वाळूचा मारा. म्हणून समुद्राच्या बाजूला दगडांचा बांध आहे आणि सुरूची झाडे लावली आहेत. मीठ ओढून काढायला ओल्या कागदाचा लगदा दगडावर लेपून वाळवतात. म्हणून सांगतो, मुलांना त्या नंदींवर बसवून फोटो काढू नका. बाराशे-तेराशे वर्षे टिकलेले आपल्या पाच मिनिटांनी झिजू नये.

वऱ्हाडी_वाटाड्या
नऊ वर्षांची पोरगी हाये म्हणता, तर अर्जुनाच्या शिल्पात तिले हे शोधाले लावा : मागच्या पायांवर उभी राहून तपश्चर्या करणारी मांजर, अन् तिच्यापुढे उंदरं. हत्तीच्या पायापाशी आहे. मधल्या भेगेत नाग-नागीण. खडक तसा दोन तुकड्यांचा, मधली भेग मूळचीच, तिचीच गंगा केली. कोणी म्हणते अर्जुन पाशुपतास्त्रासाठी तप करून राह्यला, कोणी म्हणते भगीरथानं गंगा आणली. दोन्ही पटते.

बाजूच्या कृष्णमंडपात गोवर्धन. तिथे एक माणूस गाय दोहून राह्यला अन् गाय आपल्या वासराले चाटून राह्यली. आपल्या गोठ्यातलंच दृश्य. ज्यानं कोरलं त्यानं गाय जवळून पाह्यली असन. गोवारी-गवळी मंडळी असन तर तिथून हलत नाही.

लोण्याच्या गोळ्याखाली, म्हणजे उतारावरच्या त्या अधांतरी धोंड्याखाली, गुळगुळीत घसरण आहे. चपला घसरतात. म्हाताऱ्यांनी खालूनच पाहावं.

उमाकाठ
छान माहिती. टेकडीवर किती चढायचे आहे? आईचे गुडघे दुखतात.

झाडीपट्टी_ताई
अर्जुनाचे शिल्प आणि कृष्णमंडप रस्त्यालगत आहेत, चढ नाही. लोण्याचा गोळाही खालून दिसतो. वर चढायचे ते वराह गुंफा, महिषासुरमर्दिनीची गुंफा आणि दीपगृहासाठी. खडकातच कोरलेल्या पायऱ्या, उंची कमी-जास्त, कठडा सगळीकडे नाही. आईंना अर्जुनाच्या शिल्पासमोर सावलीत बसवा, सोबत एक जण. बाकीच्यांनी ४५ मिनिटांत वर जाऊन यावे. वेळ कमी पडला तर महिषासुरमर्दिनी सोडू नका. एका भिंतीवर सिंहावरून लढणारी दुर्गा, समोरच्या भिंतीवर शांत झोपलेला विष्णू. दीपगृह सकाळी लवकर बंद असते, त्याच्यासाठी थांबू नका.

पाच रथांजवळ चाकाची खुर्ची वाळूत रुतते. आईंना काठी द्यायची असेल तर खाली रुंद रबर असलेली द्या. फाटकापासून रथ जवळच आहेत, सारे एका नजरेत दिसतात.

वैनगंगा_खोरे
समुद्राबद्दल कडक शब्दांत लिहितो. आपल्याकडची माणसे वैनगंगेत, वर्धेत पोहलेली असतात आणि तोच अंदाज इथे लावतात. नदीत ओढ एका दिशेची. इथे लाट येताना ढकलते आणि परतताना पायाखालची वाळू काढून नेते. गुडघाभर पाण्यातला माणूस पडतो, दुसऱ्या लाटेला उठू शकत नाही. काही ठिकाणी किनाऱ्यावर आलेले पाणी एका चिंचोळ्या पट्ट्यातून जोरात आत परतते. तो पट्टा वरून शांत दिसतो, लाटा कमी असतात, म्हणून लोक नेमके तिथेच उतरतात. सापडले तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये, किनाऱ्याला समांतर जावे आणि पट्ट्याबाहेर पडल्यावर वळावे. पण खरे म्हणजे घोट्याच्या वर पाण्यात जाऊच नका. बांधाचे दगड शेवाळलेले असतात, त्यांच्यावर उभे राहून फोटो नको. मुलीचा हात मोठ्या माणसाच्या हातात, आणि त्या माणसाच्या दुसऱ्या हातात मोबाइल नको.

गोंडमोहाडी
त्सुनामीत काही जुने मंदिर वर आले होते म्हणतात, ते दिसते का?

पाथरवट
२६ डिसेंबर २००४ ला लाट येण्याआधी पाणी मागे हटले आणि समुद्रात खडकांच्या रांगा दिसल्या. ते आज पाहता येत नाही, पाण्याखालीच आहे. जुने युरोपीय खलाशी या जागेला 'सात पॅगोडा' म्हणत. २००२ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पाण्याखाली शोध घेतला तेव्हा बांधकामाचे अवशेष आढळले होते. सात देवळे होती असे त्यावरून सिद्ध होत नाही. गाइड ठासून सांगेल, पण त्यावर विसंबू नका.

पण त्सुनामीनेच उघडे पाडलेले एक खरे ठिकाण आहे, आणि ते तुमच्या परतीच्या वाटेवर आहे. गावापासून ५ किमी उत्तरेला सालुवनकुप्पम. तिथे लाटेने वाळू सरकली, शिलालेख दिसला, आणि पुरातत्त्व खात्याने खोदल्यावर मुरुगनचे (कार्तिकेयाचे) देऊळ निघाले. त्याखाली विटांचे त्याहून जुने देऊळ, संगम काळातले, म्हणजे इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागचे. तोंड उत्तरेला. समोर दगडी भाला. तिथेच वाघाची गुंफा, तोंडाभोवती याळींची, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्यांची, डोकी. एकूण २५ मिनिटे. गाडीवाल्याशी ठरवतानाच 'टायगर केव्ह, सालुवनकुप्पम' हे थांब्यांत लिहा. नंतर सांगितले की 'टाइम नाही' म्हणतो.

हिंगणघाटकर
वाटेवरची बाकी दोन ठिकाणे मोहात पाडतात. मगरींचे मद्रास क्रोकोडाइल बँक, १९७६ पासूनचे, सोमवारी बंद. मुट्टुकाडूचे दक्षिणचित्र, जुन्या घरांचे संग्रहालय, मंगळवारी बंद. प्रत्येकी दीड-दोन तास लागतात. रात्री १० ची गाडी आहे म्हणून एक बसते, दोन्ही नाही. मुलीसाठी मगरी, मोठ्यांसाठी घरे. तुमचे तुम्ही ठरवा, पण ४ च्या आत चेन्नईकडे निघा. संध्याकाळच्या रहदारीत शेवटचे १५ किमी तास-दीड तास खातात. ७ पर्यंत सेंट्रलवर असलात की जेवण, सामान, फलाट सगळे निवांत.

सामान दिवसभर गाडीतच राहू द्या. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा चेहरा यांचा फोटो आधी घ्या. पैसे, दागिने, औषधे, रेल्वेची तिकिटे अंगावर. उरलेले शेवटचे भाडे सेंट्रलला सामान उतरवल्यावर द्या, आधी नाही. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवायचे तर प्रत्येक बॅगेला कुलूप लागते.

वऱ्हाडी_वाटाड्या
खाण्याचं. सकाळी इडली, पोंगल, वडा भेटते. पोंगल म्हणजे तांदूळ-मुगाची मऊ खिचडी, मिरे-तुपाची. दातांचा त्रास असणाऱ्याले तेच द्या. तिखट पाह्यजे तर ठेचा सोबत न्या, तिकडचं तिखट वेगळं. आधी विचारूनच बसा, 'वेज' म्हटलं तर समजते. किनाऱ्यावर मासे तळतात, त्याच तेलात भजी तळली असन तर माळकरी मंडळीनं खाऊ नये.

चार शब्द : एव्वळवु म्हणजे किती, वेंडाम म्हणजे नको, पोदुम म्हणजे पुरे, तण्णी म्हणजे पाणी. 'वेंडाम' सगळ्यात कामाचा. मणी-माळा विकणारे मागं लागतात, एकदा शांतपणे म्हणाचं अन् चालत राह्याचं.

गोंडमोहाडी
दगडी मूर्ती किंवा खलबत्ता आणावा का तिथून? आणि गाइडचे किती?

पाथरवट
मूर्तिकामाला मामल्लपुरमचे भौगोलिक मानांकन आहे, काम चांगले असते. ग्रॅनाइट म्हणून मऊ दगड विकतात, तेवढे पाहा. तळाला, जिथे दिसणार नाही तिथे, दुकानदाराला विचारून किल्लीने ओरखडा काढा. पांढरी भुकटी निघून खोल चर पडली तर शंखजिरे. मूर्तीला ते चालते, खलबत्त्याला नाही. कुटताना भुकटी चटणीत उतरते. ग्रॅनाइटवर किल्लीचाच धातू घासला जातो, रेघ करडी पडते आणि बोटाने पुसली जाते. वजन उचलून बघा, रेल्वेत तुम्हालाच वाहायचे आहे. सात-आठ किलोचा खल बॅगेत तळाशी, कपड्यांत गुंडाळून, बत्ता वेगळा.

गाइडचे ओळखपत्र पाहा, गळ्यात असते. हिंदी बोलणारा मिळतो. तिन्ही ठिकाणांचे मिळून किती, किती वेळ, हे फाटकाबाहेर ठरवा. नुसते 'शोअर टेंपल'चे ठरवले तर पुढे परत मागतात. गाइड एकच ठिकाणी घ्यायचा असेल तर टेकडीपाशी घ्या.

उमाकाठ
सगळ्यांचे आभार. चेंगलपट्टूचा थांबा आमच्या गाडीला आहे, तिकीट तिथपर्यंतचेच काढतो. १२ सीटची ट्रॅव्हलर, ठोक रक्कम, थांबे : किनारा, पेरुमाळ, टेकडी, रथ, सालुवनकुप्पम, मगरी. वार बुधवार आहे. एकच शंका : रेल्वे दोन तास लेट झाली तर काय सोडायचे?

झाडीपट्टी_ताई
मगरी. त्याने भागले नाही तर सालुवनकुप्पम. तरीही उशीर होत असेल तर टेकडीच्या वरच्या गुंफा सोडा, खालचे अर्जुनाचे शिल्प सोडू नका. आणि ९ वाजून गेले असतील तर क्रम फिरवा : आधी टेकडी, मग रथ, किनारा शेवटी. पाथरवट भाऊंचा क्रम त्या दिवशी बरोबर ठरेल.

पाथरवट
आणि गाडीवाल्याला रेल्वे विल्लुपुरमहून सुटली की फोन करा. तिथून चेंगलपट्टू साधारण दीड तासावर आहे, तो वेळेत येऊन उभा राहील आणि थांबण्याचे तास तुमच्या नावावर चढणार नाहीत.